परदेशात घर लावून देणारी सेवा: पैसे कशाचे मोजावेत, कशाचे नाही

परदेशातल्या नोकरीच्या पत्रात बऱ्याचदा एक छोटी ओळ असते: 'सेटलिंग-इन सपोर्ट, दोन दिवस'. ज्यांना कंपनी हे देत नाही, ते हीच सेवा रिलोकेशन एजन्सीकडून स्वतःच्या खर्चाने घेतात. नव्या शहरात उतरल्यावर घर, पत्त्याची नोंदणी, बँक, फोन, शाळा या सगळ्यात सोबतीला एक स्थानिक माणूस, म्हणजे एजन्सीचा कन्सल्टंट, मिळतो, असं तिचं ढोबळ स्वरूप. हे परीक्षण कुठल्या एका एजन्सीचं नाही, या सेवेचंच आहे. एजन्सी बदलली तरी पॅकेजचा साचा जवळपास तोच राहतो आणि माशी शिंकते तीही ठरलेल्या जागीच.

निकाल आधीच सांगतो. गाडीतून शहर दाखवणारं पॅकेज घेऊ नका. पत्त्याची गाठ सोडवणारं आणि उतरल्यापासून निदान ३० दिवस सोबत राहणारं पॅकेज घ्या.

ही गाठ म्हणजे काय? बँक म्हणते, पत्त्याचा पुरावा आणा. घरमालक म्हणतो, इथल्या बँकेचं खातं आणि पगाराच्या स्लिपा दाखवा. पत्ता नोंदवणारं कार्यालय म्हणतं, आधी भाडेकरार. फोन कंपनी दरमहा बिलाचा नंबर द्यायला बँक खातं मागते, आणि बँकेचं ॲप सुरू व्हायला स्थानिक नंबर लागतो. प्रत्येकाची मागणी आपापल्या जागी रास्त आहे, पण नव्याने आलेल्या माणसाकडे यातलं एकही नसतं. पहिल्या महिन्यातली धावपळ, रजा, मनस्ताप आणि वाया जाणारा पैसा बहुतेक या एका गाठीतून येतो. कन्सल्टंट कामाचा आहे की नाही, ते तो या गाठीचं कोणतं टोक आधी धरतो यावरून कळतं.

जाणकार कन्सल्टंट फोनपासून सुरुवात करतो. उतरल्या दिवशी प्रीपेड सिम किंवा ई-सिम, कारण त्याला बँक खातं लागत नाही. मात्र हँडसेट कुठल्याही कंपनीला लॉक केलेला नको. ई-सिम चालतं का हे *#०६# दाबून घरबसल्या कळतं: पडद्यावर ईआयडी नावाचा ३२ आकडी क्रमांक दिसला की चालतं. आणि जुना नंबर बंद करायचा नाही, हे त्याने निघण्याआधीच बजावायला हवं. जुन्या बँकेचे ओटीपी त्याच नंबरावर येत राहतात. डिपॉझिटचे पैसे पाठवायच्या क्षणी ओटीपी आला नाही, तर हातातलं घर जातं. जुनं सिम फोनमध्ये राहू द्यावं, रोमिंगवर एसएमएस येण्याची सोय निघण्याआधी चालू करून घ्यावी आणि डेटा मात्र नव्या सिमवर ठेवावा.

दुसरं टोक तात्पुरत्या राहण्याचं. इथे बहुतेक पॅकेजं कमी पडतात. एजन्सी १४ दिवसांचं सर्व्हिस्ड अपार्टमेंट, म्हणजे हॉटेलसारखं थोड्या दिवसांसाठी मिळणारं सुसज्ज घर, बुक करते. ते स्वच्छ आणि मध्यवर्ती असतं, पण त्या पत्त्यावर अधिकृत नोंदणी करू दिली जात नाही. म्हणजे दोन आठवडे राहूनही कागदोपत्री तुम्ही त्या शहरात नसताच. बुकिंगआधी दोन प्रश्न ईमेलने विचारावेत आणि उत्तर लेखीच घ्यावं: या पत्त्यावर नोंदणी करता येईल का, आणि राहत असल्याचं सही-शिक्क्याचं पत्र मिळेल का? दोन्हीला 'हो' असेल तर जागा थोडी लांब असली तरी घ्यावी. १४ दिवस सहसा अपुरेच पडतात. घर पाहणं, अर्ज, होकार, करार, डिपॉझिट आणि किल्ल्या एवढं व्हायला महिना धरून चालावं, आणि बुकिंग पुढे वाढवता येण्याची अट आधीच घालून ठेवावी.

तिसरं टोक म्हणजे नोकरीचं पत्र. नियुक्तीपत्र वेगळं आणि हे वेगळं. लेटरहेडवर, अलीकडच्या तारखेचं, सही असलेलं आणि शक्य तर स्थानिक भाषेत. त्यात रुजू होण्याची तारीख, नोकरी कायम की ठरावीक मुदतीची, आणि करापूर्वीचा पगार हे तीन तपशील हवेतच. पगाराच्या स्लिपा नसताना घरमालकासमोर ठेवायला हाच कागद असतो आणि बँकही तोच पाहते. चांगली एजन्सी याचा नमुना कंपनीच्या एचआरला आधीच पाठवते. तुम्ही विमानात बसण्यापूर्वी हे पत्र हातात पडलं, तर एजन्सी काम जाणते असं समजायला हरकत नाही.

नावाची बाब बारीक वाटते, पण कामं सर्वांत जास्त अडतात ती तिथेच. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. पहिल्या ओळीत नावासाठी फक्त ३९ जागा. आधी आडनाव, मग दोन कोनदार खुणा, मग बाकीचं नाव. लांब नाव तिथे तुटतं. तीन भागांचं नाव असेल तर बँक मधला भाग वेगळ्या रकान्यात टाकते, भाडेकरारात तो गळतो आणि नोकरीच्या पत्रात नुसतं आद्याक्षर उरतं. माणूस एकच, पण कागदांवर तिघे. मग कार्यालय अर्ज परत करतं आणि पुढची अपॉइंटमेंट कधी मिळेल ते आपल्या हातात नसतं. पासपोर्टात आडनावाचा रकानाच रिकामा असेल तर अडचण आणखी वाढते, कारण बऱ्याच संगणकांना तो रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उपाय सोपा आहे. पासपोर्टवर जसं आहे तसं नाव, आडनाव कोणतं आणि पहिलं नाव कोणतं हे स्पष्ट करून, एका कागदावर टाइप करायचं. तोच कागद एचआर, घरमालक, बँक, शाळा सगळ्यांना द्यायचा, आणि सही करण्यापूर्वी प्रत्येक कागदावरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहायचं. पहिल्याच बैठकीत कन्सल्टंटने हे काढलं, तर त्याला अनुभव आहे हे नक्की.

आता घर. या सेवेचा मोबदला बहुतांशी याच कामाचा असतो, म्हणून इथे बारकाईने बघावं. पहिला प्रश्न: कन्सल्टंटला पैसे कोण देतं? घरमालकाकडून किंवा ब्रोकरकडून त्याला कमिशन मिळत असेल, तर तो त्यांचीच घरं दाखवणार. हे ओळखता येतं. दाखवलेली सगळी घरं एकाच ब्रोकरची असतील, किंवा तुम्ही स्वतः शोधलेली जाहिरात 'ती गेली असेल' म्हणून फोनही न करता बाजूला पडत असेल, तर पाणी कुठेतरी मुरतंय. 'आम्ही तिसऱ्या कुणाकडून मोबदला घेत नाही' हे वाक्य करारात मागावं. प्रामाणिक एजन्सी ते लगेच लिहून देते.

घरं दिवसाला पाच-सहापेक्षा जास्त पाहू नयेत, संध्याकाळपर्यंत कोणत्या घरात काय होतं याची सरमिसळ होते. प्रत्येक घराबाबत चार गोष्टी विचाराव्यात. भाड्यात हीटिंग, पाणी, इमारतीची देखभाल यांतलं काय धरलंय. वर्षअखेरीस हिशेब करून वाढीव रक्कम मागतात का. 'फर्निचरविना' याचा तिथला अर्थ काय, कारण काही देशांत त्यात स्वयंपाकघरातला ओटा, कपाटं आणि छताचे दिवेही नसतात, नुसत्या तारा लोंबत असतात. आणि मुदतीआधी करार मोडायचा झाला, नोकरी गेली किंवा बदली झाली तर नोटीस किती आणि दंड किती. ही शेवटची अट छापील करारात बहुधा नसते, मागावी लागते. ती मागून घेणं हेच कन्सल्टंटचं खरं काम. भाडं थोडं कमी करून आणण्यापेक्षा तिची किंमत मोठी आहे.

घर न पाहता पैसे पाठवायचे नाहीत. 'मालक सध्या परदेशात आहे, डिपॉझिट भरा, किल्ल्या कुरिअरने येतील' ही फसवणुकीची जुनी आणि अजूनही चालणारी रीत आहे. निघण्याआधी दुरूनच घर ठरवायचं असेल तर कन्सल्टंटने प्रत्यक्ष त्या घरात उभं राहून व्हिडिओ कॉल करावा. मालकी सरकारी नोंदीत तपासता येत असेल तिथे ती तपासून घ्यावी, आणि पैसे करारावर ज्याचं नाव त्याच्याच खात्यात जावेत.

पैसे पाठवतानाही एक खाच आहे. आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर करताना शुल्क कोण भरणार याचा एक पर्याय असतो. 'एसएचए' (SHA) निवडलं तर शुल्क दोन्हीकडे वाटलं जातं आणि मधल्या बँका आपापला वाटा रकमेतूनच कापतात. घरमालकाला डिपॉझिट थोडं कमी पोहोचतं, आणि पूर्ण रक्कम आल्याशिवाय तो किल्ल्या देत नाही. पहिल्या डिपॉझिटसाठी 'ओयूआर' (OUR) निवडावं, म्हणजे शुल्क पाठवणाऱ्याकडे राहतं. खाते क्रमांक आयबान (IBAN, आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) पद्धतीचा असेल तर तो ३४ पर्यंत अक्षरांचा असतो, हाताने टाइप करू नये, कॉपी करावा.

किल्ल्या मिळतात त्या दिवशी कन्सल्टंट हजर असलाच पाहिजे. हा दिवस पॅकेजमध्ये नसेल तर पॅकेज अपुरं आहे. त्या दिवसाचं काम दीड-दोन तासांचं. सगळे नळ एकदम सोडून दाब पाहायचा. गरम पाणी किती वेळाने येतं ते पाहायचं. सिंकखालच्या कप्प्यात टॉर्च मारून पाइपच्या सांध्यावरून हात फिरवायचा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेली कपाटं जरा पुढे ओढून मागचा कोपरा पाहायचा, कारण ओल आणि बुरशी तिथेच धरते आणि ताज्या रंगाखाली दडलेली असते. प्रत्येक खिडकी पूर्ण उघडून बंद करायची. धुराच्या अलार्मचं बटण दाबून आवाज ऐकायचा. वीज, गॅस, पाणी यांच्या मीटरचा आकडा आणि मीटरचा अनुक्रमांक एकाच फोटोत घ्यायचा, नाहीतर आधीच्या भाडेकरूचं बिल तुमच्या नावावर येतं. किल्ल्या मोजायच्या, तळघराची आणि टपालपेटीचीही. फरशीवरचा ओरखडा, बाथटबचा टवका, भिंतीतली खिळ्यांची भोकं, सगळं खोलीवार लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या. पूर्ण घराचा न थांबता काढलेला व्हिडिओ त्याच दिवशी मालकाला ईमेलने पाठवायचा, म्हणजे तारखेबद्दल वाद राहत नाही. घर सोडताना डिपॉझिट कापलं जातं ते बहुतेक या दिवशी न लिहिलेल्या गोष्टींसाठी.

कागदपत्रांच्या बाबतीत ही सेवा उतरल्यावर सुरू झाली तर उशीर झालेला असतो. जन्मदाखला, विवाहनोंदणी आणि पदवी यांवर अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी दाखला, लागतं, आणि ते ज्या देशाने कागद दिला त्याच देशात मिळतं. १९६१च्या हेग कराराने ही पद्धत ठरवली. अपॉस्टिल म्हणजे १० क्रमांकित रकान्यांचा एक चौकोनी दाखला, वर फ्रेंचमध्ये शीर्षक. दोन्ही देश या करारात असतील तरच तो चालतो, नसतील तर वकिलातीकडून साक्षांकन करावं लागतं आणि त्याला जास्त वेळ जातो. क्रमही महत्त्वाचा: आधी अपॉस्टिल, मग भाषांतर, म्हणजे अपॉस्टिलचंही भाषांतर त्यात येतं. उलट केलं तर भाषांतराचे पैसे दुसऱ्यांदा भरावे लागतात. भाषांतरकार त्या देशाने मान्यता दिलेलाच लागतो का, हेही आधी विचारून घ्यावं. म्हणून निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी निदान एक तासाचा कॉल पॅकेजमध्ये असावा. माझ्या मते गाडीतून काढलेल्या पूर्ण दिवसापेक्षा हा एक तास मोलाचा आहे.

सामान पाठवण्याचं काम वेगळी कंपनी करते, पण त्याची तारीख याच गाठीत अडकते. घरसामान करमाफीत सोडवायला बऱ्याच ठिकाणी कस्टम्सला वास्तव्याचा परवाना किंवा पत्ता लागतो. तो नसेल तर कंटेनर बंदरात पडून राहतो आणि दिवसागणिक शुल्क चढत जातं. समुद्रमार्गे पाठवताना दीड ते तीन महिने धरावेत. विमानाने पाठवताना काट्यावरचं वजन आणि आकारमानावरून काढलेलं वजन यांत जे जास्त ते धरतात. आकारमानावरचं असं काढतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६०००ने भागायचं. ६०×५०×४०चं खोकं २० किलोचं धरलं जातं, आत ११ किलोच्या उशा-पांघरुणं असली तरी. कुरिअर कंपन्या बहुधा ५०००ने भागतात, म्हणजे तेच खोकं २४ किलोचं. स्वतः बांधलेल्या खोक्यांतली मोडतोड विम्यात सहसा धरत नाहीत, तेव्हा काचसामान त्यांच्या माणसांकडूनच बांधून घ्यावं. विजेच्या उपकरणांवरचं लेबल वाचावं. '१००–२४० व्होल्ट' लिहिलं असेल तरच ते कुठेही चालेल. ॲडॉप्टरने फक्त पिन बदलते, व्होल्टेज नाही.

शाळा हवी असेल तर क्रम उलटतो: आधी शाळा, मग घर. सरकारी शाळांत प्रवेश बऱ्याच शहरांत पत्त्यावरून ठरतो, आणि रस्त्याच्या पलीकडचं घर दुसऱ्या शाळेत जातं. जागा शिल्लक आहे का हे कन्सल्टंटने फोन करून विचारावं. वेबसाइटवरच्या यादीत ते कळत नाही. लसीकरणाची नोंद आणि मागच्या दोन वर्षांची गुणपत्रकं जवळ ठेवावीत.

वाहन परवान्याबद्दल एजन्सीचं माहितीपत्रक बहुधा एक ओळ लिहून मोकळं होतं. आंतरराष्ट्रीय परवाना हा मूळ परवान्याचा अनुवाद असतो, एकट्याने त्याला किंमत नाही. तो मूळ परवाना देणाऱ्या देशातूनच निघण्यापूर्वी काढावा लागतो. १९४९च्या कराराचा नमुना एक वर्ष चालतो, १९६८च्या कराराचा जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि कोणता देश कोणता मानतो हे पाहावं लागतं. शिवाय रहिवासी म्हणून नोंद झाल्यावर बाहेरचा परवाना ठरावीक महिनेच चालतो. ती मुदत संपल्यावर अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

हल्ली हीच सेवा ॲपवरून, बऱ्याच कमी पैशांत मिळते: यादी, व्हिडिओ, चॅट. भाषा येत असेल, एकटं जायचं असेल आणि कंपनीचं एचआर हाताशी असेल तर तेवढं पुरतं. पण कार्यालयाच्या खिडकीवर कर्मचारी 'हा फॉर्म जुना आहे' म्हणाला की चॅटचा उपयोग नाही. उंटावरून शेळ्या हाकता येत नाहीत. कुटुंब सोबत असेल आणि तिथली भाषा येत नसेल तर माणूसच हवा, आणि तो नोंदणी कार्यालयात तुमच्या शेजारी बसणारा हवा.

एजन्सीशी करार करताना तासांचा हिशेब नीट वाचावा. 'दोन दिवस' म्हणजे १६ तास की १२? त्यात कन्सल्टंटचा येण्या-जाण्याचा वेळ धरलाय का? फोनवर दहा मिनिटं बोललं तर अर्धा तास लावतात का? तास किती दिवसांत वापरायचे? शहरदर्शनाचे तास कापून घराच्या हँडओव्हरला, म्हणजे किल्ल्या घेण्याच्या दिवसाला, लावता येतील का? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक एजन्सी तयार होतात, फक्त विचारावं लागतं. कन्सल्टंटचं नाव आणि तो रजेवर गेला तर कोण येणार, हेही लिहून घ्यावं. कंपनी पैसे भरत असेल तर आणखी दोन गोष्टी एचआरला विचाराव्यात: ही रक्कम तुमच्या उत्पन्नात धरून कर कापणार का, आणि वर्ष-दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर ती परत मागणार का. अशी परतफेडीची अट नियुक्तीपत्राच्या मागच्या पानांवर बऱ्याचदा असते. आणि कंपनी पैसे भरते तेव्हा कन्सल्टंट कंपनीलाही अहवाल देतो, हे ध्यानात ठेवून घरगुती अडचणी सांगाव्यात.

सेवा संपल्याची सही पहिल्या आठवड्यातच मागितली जाते. ती देऊ नये. खातं उघडलं तरी कार्ड आणि पिन टपालाने, वेगवेगळ्या पाकिटांतून, काही दिवसांच्या अंतराने येतात. विम्याचं कार्ड, कर क्रमांक, वास्तव्याचा परवाना घेण्याची तारीख, हेही अनेक देशांत टपालानेच येतं. आणि टपालपेटीवर तुमचं नाव नसेल तर पोस्टमन ते परत पाठवतो, पत्ता अगदी बरोबर असला तरी. किल्ल्या घेतल्या त्याच दिवशी पासपोर्टवरच्या स्पेलिंगने, सोबत राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहिलेली पट्टी पेटीवर आणि बेलवर चिकटवून घ्यावी. पहिलं कार्ड आणि त्याचा पिन, दोन्ही हातात पडून एकदा पैसे काढून झाले की मग सही करावी.